पालि वाङ्मयातील मुलांचे खेळ : एका निषेधसूचीचे पुनर्वाचन

पालि तिपिटक हे धम्म व विनय यांचे जसे भांडार आहे, तसेच ते प्राचीन भारताच्या लोकजीवनाचेही भांडार आहे, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु लोकजीवन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राजे, श्रेष्ठी, गणराज्ये, व्यापाऱ्यांचे तांडे आणि कारागिरांच्या श्रेणी उभ्या राहतात. लहान मुले क्वचितच उभी राहतात. मुले इतिहास लिहीत नाहीत, शिलालेख कोरवून घेत नाहीत. ज्या वस्तूंशी ती खेळतात त्या वस्तूही बहुधा एखाद्या पावसाळ्यात कुजून मातीला मिळतात. असे असूनही प्राचीन भारतातील खेळांची एक सविस्तर यादी पालि वाङ्मयात सुरक्षित राहिली आहे आणि तिचा मोठा भाग मुलांच्या खेळांनी व्यापलेला आहे. नवलाची गोष्ट ही की ही यादी खेळांच्या कौतुकासाठी रचली गेली नाही. ती निषेधाच्या प्रकरणात आली आहे.

या यादीकडे आम्ही पुन्हा वळलो त्याला एक लहानसा प्रसंग कारण झाला. एका विहारातील मुलांच्या संस्कारवर्गास आम्ही उपस्थित होतो. शिकविणाऱ्या गृहस्थांनी ब्रह्मजाल सुत्ताचा मराठी अनुवाद हाती घेऊन त्यातील शीलविषयक भाग वाचून दाखविला आणि भगवंतांनी खेळांचा निषेध केला आहे, सबब मुलांनी खेळात वेळ दवडू नये, असा निष्कर्ष सांगितला. पुढच्या रांगेतील आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाने उठून विचारले, "सर, विटी-दांडूसुद्धा नाही?" "नाही," असे उत्तर मिळाले. मुलगा खाली बसला. वर्ग दुसऱ्याचा होता, म्हणून त्या वेळी आम्ही काही बोललो नाही. परंतु घरी येऊन मूळ पाठ व त्यावरील अट्ठकथा पुन्हा वाचल्यावर, त्या मुलाला दिलेले उत्तर पालि ग्रंथांना धरून नव्हते, असे आमचे निश्चित मत झाले. या मताची कारणे येथे क्रमाने मांडावयाची आहेत.

१. यादी कोठे येते?

ब्रह्मजाल सुत्त हे दीघ निकायातील पहिले सुत्त होय. राजगृह व नालंदा यांच्या दरम्यानच्या मार्गावर सुप्पिय परिव्राजक बुद्ध, धम्म व संघ यांची निंदा करीत चालला आहे आणि त्याचाच शिष्य ब्रह्मदत्त त्यांची स्तुती करीत आहे, अशी या सुत्ताची पार्श्वभूमी आहे. त्या निमित्ताने भगवान भिक्खूंना सांगतात की, सामान्य जन तथागताची जी स्तुती करतात ती त्याच्या शीलासारख्या लहान गोष्टींवरून करतात. त्या शीलाचे चूळ, मज्झिम व महा असे तीन विभाग पुढे येतात. खेळांची यादी मज्झिम शीलात आहे. श्रद्धेने दिलेले अन्न खाऊन काही श्रमण-ब्राह्मण ज्या द्यूतात व प्रमादाच्या स्थानांत गुंतून राहतात, त्यांपासून श्रमण गौतम अलिप्त आहे, असा त्या वाक्याचा आशय आहे. हाच शीलविषयक भाग दीघ निकायाच्या सीलक्खन्धवग्गातील पुढील सुत्तांतही भिक्खूच्या आचाराचे वर्णन म्हणून येतो.

या वाक्यरचनेत दोन अटी आहेत. निषेध ज्याला लागू होतो तो गृहत्याग केलेला, इतरांच्या दानावर जगणारा प्रौढ मनुष्य आहे. आणि तो त्या खेळांत नुसता रमलेला नाही, तर गुंतून पडलेला आहे. ज्याच्या भिक्षापात्रात उपासक आपल्या घासातला घास घालतो, त्याने दिवस पटावर घालवावा हे त्या उपासकाच्या श्रद्धेशी प्रतारणा करण्यासारखे आहे. मुलाच्या पात्रात आई भाकरी घालते ती तो ध्यान करील म्हणून नव्हे. एका वर्गास सांगितलेला नियम दुसऱ्या वर्गास लावताना ही दाता व भोक्ता यांच्यातील नात्याची अट गळून पडते आणि सर्व घोटाळा तेथून सुरू होतो.

२. एकोणीस नावे आणि त्यांचे अर्थ

यादीत एकूण १९ नावे आहेत. नुसत्या नावांवरून त्यांतील पुष्कळशा खेळांचा बोध झाला नसता. इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपातील महाविहारात बसून आचार्य बुद्धघोषांनी दीघ निकायावर 'सुमंगलविलासिनी' ही अट्ठकथा रचली. तीत प्रत्येक नावाचा थोडक्यात अर्थ दिला आहे. टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८९९ मध्ये या सुत्ताचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, तोही या अट्ठकथेच्याच आधाराने.

आरंभी पटावरचे खेळ येतात. 'अट्ठपद' म्हणजे प्रत्येक ओळीत आठ घरे असलेला पट व 'दसपद' म्हणजे दहा घरांचा. बुद्धिबळाचा उगम शोधणाऱ्या अभ्यासकांनी या अष्टपदाकडे विशेष लक्ष दिले आहे, कारण आठ घरांचा हा पट चतुरंगाच्या पूर्वीपासून आपल्या देशात होता असे त्यावरून दिसते. 'आकास' हा तोच खेळ, पण पट समोर न ठेवता मनातल्या मनात खेळावयाचा. 'खलिक' म्हणजे फलकावर फासे टाकणे.

त्यानंतरची नावे आपणांस एकदम गावाच्या अंगणात आणून सोडतात. 'परिहारपथ' म्हणजे जमिनीवर वाटांची वेटोळी आखून, जी रेघ टाळावयाची ती टाळीत चालण्याचा खेळ. 'सन्तिक' या खेळात सोंगट्या किंवा खडे एकत्र रचून ठेवतात आणि इतर खडे न हलविता केवळ नखाने एकेक काढतात अथवा ठेवतात. एखादा हलला की हार. 'घटिक' म्हणजे लांब दांड्याने आखूड दांडा मारण्याचा खेळ. 'सलाकहत्थ' या खेळात लाखेच्या अथवा मंजिष्ठाच्या रंगात, किंवा पिठाच्या पाण्यात हात बुडवून, "काय होऊ दे?" असे विचारीत तो भिंतीवर वा भुईवर मारतात आणि उमटलेल्या ठशातून हत्ती, घोडा इत्यादी आकृती दाखवितात. 'अक्ख' या शब्दाचा अर्थ येथे फासा असा न घेता अट्ठकथा गोट्यांचा किंवा चेंडूचा खेळ असा घेते. 'पंगचीर' म्हणजे पानाची पिपाणी करून फुंकणे.

यापुढे खेळणी येतात. 'वंकक' म्हणजे खेड्यातील पोरांचा लहानसा नांगर. 'मोक्खचिक' म्हणजे कोलांटउडी. आडव्या दांड्याला धरून किंवा डोके जमिनीवर टेकवून खाली-वर फिरणे. 'चिंगुलिक' म्हणजे ताडाच्या पानाचे, वाऱ्याने फिरणारे भिरभिरे. 'पत्ताळ्हक' म्हणजे पानाचे माप करून त्याने वाळू मोजणे. 'रथक' म्हणजे लहान रथ आणि 'धनुक' म्हणजे लहान धनुष्य.

शेवटी तीन खेळ असे आहेत की त्यांना कोणतीही वस्तू लागत नाही. 'अक्खरिक' म्हणजे हवेत किंवा सोबत्याच्या पाठीवर बोटाने काढलेले अक्षर ओळखणे. 'मनेसिक' म्हणजे दुसऱ्याच्या मनातले ओळखणे. आणि 'यथावज्ज' म्हणजे आंधळा, लुळा, कुबडा अशा माणसांच्या व्यंगाची नक्कल करून दाखविणे. या शेवटच्या नावाकडे आपणांस पुढे पुन्हा यावयाचे आहे.

ही यादी दुसऱ्या दृष्टीनेही लावता येते. भिरभिरे, पिपाणी, नांगर, पानाचे माप व कोलांटउडी हे एकट्या मुलाचे खेळ आहेत. तर विटी-दांडू, सन्तिक, पाठीवरचे अक्षर व मनातले ओळखणे यांस सोबती लागतो. एकट्याच्या खेळांत मूल वाऱ्याशी, वाळूशी किंवा स्वतःच्या शरीराशी खेळते. सोबत्याच्या खेळांत पाळी, नियम आणि हार-जीत येते. दोन्हींना लागणारे साहित्य मात्र एकाच मोलाचे, म्हणजे जवळजवळ फुकट असते. पान, काठी, खडा व माती यांपलीकडे या मुलांची मागणी जात नाही.

३. तीच खेळणी, निराळा संदर्भ

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. ब्रह्मजाल सुत्तातील ही खेळणी तिपिटकात अन्यत्रही येतात आणि तेथे त्यांच्याविषयी निंदेचा एक शब्दही नाही.

मज्झिम निकायातील महातण्हासंखय सुत्तात मनुष्याच्या जन्मापासूनचा क्रम वर्णिला आहे. गर्भधारणा, मातेने चिंतेने वाहिलेले गर्भाचे ओझे, जन्म आणि स्तनपान यांनंतर मूल वाढते, त्याची इंद्रिये परिपक्व होऊ लागतात, तेव्हा ते मुलांच्या खेळण्यांनी खेळते असे सांगून सात नावे दिली आहेत : वंकक, घटिक, मोक्खचिक, चिंगुलक, पत्ताळ्हक, रथक व धनुक. ही सातही नावे ब्रह्मजालातील यादीत आहेत. फासे, अष्टपद व यथावज्ज मात्र येथे नाहीत. संकलनकर्त्यांना मुलांची खेळणी कोणती व प्रौढांचे द्यूत कोणते हे नीट ठाऊक होते, असेच यावरून दिसते. खेळणे ही येथे वाढीची एक पायरी आहे. आसक्तीची चर्चा सुरू होते ती त्यानंतर, मूल मोठे होऊन पाच कामगुणांत रमू लागते तेव्हा.

अंगुत्तर निकायाच्या दसकनिपातातील उपालि सुत्त याहून स्पष्ट आहे. अरण्यात एकटे राहू इच्छिणाऱ्या उपालीला भगवान एक दृष्टांत देतात. पाठीवर उताणे पडलेले तान्हे मूल स्वतःच्या मलमूत्राशी खेळते. तेच मूल वाढल्यावर वर सांगितलेल्या खेळण्यांशी खेळते. हा दुसरा खेळ पहिल्यापेक्षा अधिक चांगला व श्रेष्ठ नव्हे काय, असे भगवान विचारतात आणि उपाली होय म्हणतो. तेथून पुढे दृष्टांत प्रव्रज्या व ध्यानाच्या उंच पायऱ्यांपर्यंत चढत जातो. म्हणजे भिरभिरे व विटी-दांडू हे जिन्याच्या खालच्या पायऱ्यांपैकी आहेत हे खरे. परंतु ते जिन्याबाहेरचे नाहीत. खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या मुलास, वरच्या पायरीवरील मनुष्याने ती पायरी सोडली आहे म्हणून, खाली ढकलून द्यावे असे या सुत्तात कोठेही नाही.

गृहस्थांना काय सांगितले आहे हेही पाहिले पाहिजे. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्त हे गृहस्थांचा विनय म्हणून परंपरेने मान्य आहे. त्यात संपत्तीच्या नाशाची सहा द्वारे सांगितली असून द्यूत हे त्यांपैकी एक आहे. द्यूताचे सहा दुष्परिणामही तेथे मोजून दाखविले आहेत : जिंकणाऱ्याचे वैर वाढते, हरणारा धनासाठी शोक करतो, धन तर जातेच, शिवाय सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, मित्र त्याला तुच्छ लेखतात आणि जुगाऱ्यास कोणी मुलगी देत नाही. गृहस्थाला असा स्पष्ट इशारा देणाऱ्या या सुत्तात मुलांच्या खेळांचे नावही नाही.

४. विनयातील मुले

विनयपिटकातही खेळांची ही यादी येते. कीटागिरी येथील अस्सजि व पुनब्बसुक यांचे अनुयायी भिक्खू माळा गुंफून कुलस्त्रियांना पाठवीत, नाचत-गात आणि हे सर्व खेळ खेळत, असे चुल्लवग्गात सांगितले आहे. तेथे एक मार्मिक तपशील आहे. एक संयमी भिक्खू त्या गावी भिक्षेला गेला, तेव्हा खाली दृष्टी ठेवून चालणारा हा मंद, कपाळाला आठ्या घातलेला मनुष्य कोण, असे लोक म्हणू लागले. त्यांना हसऱ्या-खेळकर भिक्खूंची सवय झाली होती. पुढे सारिपुत्त व मोग्गल्लान यांनी तेथे जाऊन त्या भिक्खूंवर पब्बाजनीय कम्म, म्हणजे हद्दपारीची कारवाई केली. येथेही दोष आहे तो खेळाच्या द्वारे गृहस्थांना वश करून घेण्याचा.

याउलट सत्तरसवग्गिय मुलांची कथा पाहावी. राजगृहातील उपाली नावाच्या मुलाचे (विनयधर उपालीहून हा निराळा) आईबाप विचार करीत होते की, याला लेखन शिकविले तर बोटे दुखतील, गणित शिकविले तर छाती दुखेल, रूप म्हणजे नाण्यांची पारख शिकविली तर डोळे दुखतील. त्यापेक्षा तो भिक्खू झाला तर सुखाने राहील. हे ऐकून उपालीने आपल्या सोबत्यांना गोळा केले आणि अशी १७ मुले संघात आली. पहाटे उठून ती रडू लागली : पेज द्या, भात द्या. मुलांचा तो आवाज भगवंतांच्या कानी पडला आणि २० वर्षांखालील व्यक्तीस उपसंपदा देऊ नये असा नियम झाला. भूक, थंडी, ऊन व कठोर शब्द लहान वयात सोसत नाहीत, असे कारण तेथे दिले आहे. मुलाला प्रौढाच्या मापाने मोजू नये, हे तत्त्व नियमाच्या रूपाने येथे आढळते.

याच १७ जणांना एकदा श्रावस्तीच्या अचिरवती नदीत पाणी उडवीत खेळताना राजा पसेनदीने प्रासादावरून पाहिले. "पाहा मल्लिके, हे अर्हंत पाण्यात खेळत आहेत," असे तो उपहासाने राणीला म्हणाला. एकतर भगवंतांनी नियम केलेला नसेल, किंवा या भिक्खूंना तो ठाऊक नसेल, असे मल्लिकेने उत्तर दिले. राजाने त्यांच्याच हाती भगवंतांसाठी गुळाची ढेप पाठविली, म्हणजे ते कोठे भेटले हे आपोआप कळावे. त्यावरून भिक्खूंनी पाण्यात खेळू नये असा नियम झाला. या सर्व कथेत कोणी त्या मुलांना दुष्ट म्हटलेले नाही. नियम चीवराला आहे.

महावग्गात याच जातीचा आणखी एक सौम्य नियम आहे. १५ वर्षांखालील मुलास प्रव्रज्या देऊ नये असे ठरल्यावर, आनंदाला आश्रय देणाऱ्या एका कुटुंबातील माणसे रोगाने मरण पावली व दोन मुले मागे राहिली. तेव्हा कावळे हाकलण्याइतपत मोठे मूल असल्यास त्याला घ्यावे, अशी सवलत दिली गेली. मुलाच्या वयाचे हे माप वर्षांत नाही. मुलाला काय जमते यावर ते बेतले आहे.

५. खेळ जेथे थांबवावयाचा

मग भगवंतांनी मुलांना खेळाविषयी काहीच सांगितले नाही काय? सांगितले आहे, आणि ते फार महत्त्वाचे आहे. उदानातील कुमारक सुत्तात श्रावस्ती व जेतवन यांच्यामध्ये काही मुले मासे पकडून त्यांना छळीत असतात. दण्ड सुत्तात मुले काठीने सापाला मारीत असतात. माशांना छळणाऱ्या मुलांना भगवान रागावत नाहीत, किंवा खेळू नका असेही म्हणत नाहीत. तुम्हांला दुःखाची भीती वाटते काय, दुःख तुम्हांला नकोसे वाटते काय, एवढेच ते विचारतात. मुले होय म्हणतात. त्या उत्तरातच सर्व शिकवण आलेली आहे. मज्झिम निकायातील चूळसच्चक सुत्तात खेकड्याला तळ्याबाहेर काढून काठ्यांनी व दगडांनी त्याच्या नांग्या मोडणाऱ्या मुलामुलींची उपमा आहे. म्हणजे असे खेळ नित्य दृष्टीस पडत असले पाहिजेत.

येथे 'यथावज्ज' हा शब्द पुन्हा आठवतो. दुसऱ्याच्या व्यंगाची नक्कल करून हसणे हाही खेळच आणि तो आजही प्रत्येक शाळेच्या अंगणात चालतो. इतर खेळांची नावे वस्तूवरून किंवा क्रियेवरून पडली आहेत. या एका नावात 'वज्ज' म्हणजे दोष हा शब्द आहे. तो ज्याची नक्कल करावयाची त्याच्या व्यंगाला उद्देशून आहे हे खरे. पण खेळणाऱ्याने विचार करावा असाच तो शब्द आहे. संस्कारवर्गात एखादा खेळ थांबवावयाचाच असेल तर तो हा होय, आणि तोही दटावून नव्हे, तर माशांच्या प्रसंगी विचारला तसा प्रश्न विचारून.

६. इतिहासाचे साधन म्हणून या यादीचे मोल

इतिहासाच्या अभ्यासकास ही यादी वापरताना सावध राहावे लागते. बुद्धकाल आणि बुद्धघोष यांच्यामध्ये सुमारे हजार वर्षांचे अंतर आहे. अट्ठकथेने दिलेला अर्थ जुन्या सिंहली अट्ठकथांच्या परंपरेतून आला असला, तरी तो मूळ काळातील खेळाचाच आहे असे प्रत्येक नावाबाबत म्हणता येणार नाही. 'अक्ख' शब्दाचा अट्ठकथेने केलेला अर्थ याचे उदाहरण आहे.

'अक्खरिक' या खेळाचे महत्त्व येथेच आहे. मुले पाठीवर अक्षरे काढून ओळखीत असतील, तर लेखनकला तेव्हा गावातील पोरांपर्यंत पोचली होती, असे अनुमान निघते. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १९०३ च्या 'बुद्धिस्ट इंडिया' या ग्रंथात लेखनाच्या प्राचीनत्वाची चर्चा करताना या खेळाचा उपयोग केला आहे. आपल्याकडील वाचता येणारे व निश्चित काळाचे मोठे लेख अशोकाचे, म्हणजे इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातील आहेत. यादीतील हा शब्द त्याहून जुना मानावयाचा की यादी पुढे वाढत गेली, हा प्रश्न केवळ या एका शब्दावरून सुटणारा नाही. मात्र उपालीच्या आईबापांनी लेखन हा मुलाचा संभाव्य व्यवसाय म्हणून विचारात घेतला होता, ही गोष्ट त्याच्या शेजारी ठेवली म्हणजे अनुमानास थोडे बळ येते.

पुरातत्त्वाची साक्ष या बाबतीत अपुरी पडते. सिंधू संस्कृतीच्या स्थळांवर मातीच्या गाड्या सापडल्या आहेत. भारहुतच्या स्तूपावर 'चितुपादसिल' असा लेख असलेल्या शिल्पात शिलेवर आखलेल्या पटाभोवती बसलेली माणसे दिसतात. ते शिल्प आज कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. परंतु ते प्रौढ खेळाडू आहेत. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेले चाकांचे ब्राँझचे हत्ती, गेंडा व रथ इतके वजनदार आहेत की त्यांना खेळणी म्हणणे कठीण. महाराष्ट्रातील काही लेण्यांच्या ओट्यांवर व किल्ल्यांवर खेळांचे पट कोरलेले दिसतात. पण लेण्याचा काळ तोच पटाचा काळ असे धरता येत नाही, कारण सावलीच्या जागी पुढील कोणत्याही शतकातील गुराखी बसू शकतो. ताडाच्या पानाचे भिरभिरे, पानाची पिपाणी व लाकडी नांगर तर कोणत्याच उत्खननात मिळावयाचे नाहीत. ते शब्दांतच उरले. भिक्खूंनी ज्या गोष्टी टाकल्या त्यांची नावे मात्र त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाठ म्हणून जपली, आणि त्यामुळेच ही नावे आपल्यापर्यंत पोचली.

मराठी वाचकास या यादीतील काही खेळ ओळखीचे वाटतील. घटिक म्हणजे आपला विटी-दांडू, हे अट्ठकथेच्या व्याख्येवरून सहज पटते. त्या खेळातील वकट, लेंड, मूंड, नाल ही मोजणी तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या अंकांशी जुळते, हे अनेकांनी दाखविले आहे. म्हणजे राजकीय सीमा ओलांडून खेळाबरोबर शब्दही फिरतात. सन्तिकाचे वर्णन वाचताना बांगड्यांच्या तुकड्यांनी खेळला जाणारा मुलींचा काचापाणी हा खेळ आठवतो. त्यातही दुसरा तुकडा न हलविता एक बाजूला काढावयाचा असतो. पत्ताळ्हकात भातुकलीचे बीज दिसते. ताडाच्या किंवा शिंदीच्या पानाला बाभळीचा काटा टोचून केलेले भिरभिरे आमच्या पिढीतील पुष्कळांनी हाती धरले आहे. तथापि साम्य म्हणजे अखंड परंपरा नव्हे. काठी, खडा व पान ही सर्वत्र सापडणारी साधने असल्याने सारखे खेळ निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्रपणेही जन्म घेऊ शकतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

७. मातीची घरे

मुलांच्या खेळाचा सर्वांत सखोल उपयोग संयुत्त निकायाच्या राधसंयुत्तातील सत्त सुत्तात केला आहे. मुले व मुली (सुत्तात दोन्ही शब्द आहेत) मातीची घरे करून खेळतात. त्या घरांविषयी त्यांची ओढ जोवर संपलेली नाही तोवर ती त्यांना जपतात, आपली म्हणतात. ओढ संपली की हातापायांनी ती घरे उधळून टाकतात व खेळण्यास निरुपयोगी करतात. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार व विज्ञान या पाच स्कंधांचेही तसेच करावे, असे भगवान राधाला सांगतात. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचणारी आणि सण संपल्यावर स्वतःच तो पायांनी मोडणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या उपमेची सत्यता निराळी सांगावयास नको. किल्ला बांधताना ती जितकी गंभीर असतात तितकीच मोडताना मोकळी असतात. प्रौढांना जे साधत नाही ते मुलांना खेळात सहज साधते, म्हणूनच भिक्खूपुढे त्यांचा आदर्श ठेवला आहे. ज्यांनी घर केलेच नाही त्यांना ते मोडताही येत नाही.

उत्तरकालीन बौद्ध परंपरेतही हा जिव्हाळा टिकून राहिला. दिव्यावदानातील आख्यायिकेत रस्त्यावर धुळीची घरे करून खेळणारा जय नावाचा मुलगा मूठभर धूळ पीठ म्हणून बुद्धांच्या पात्रात घालतो आणि पुढील जन्मी अशोक राजा होतो. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. परंतु खेळातील धूळही बुद्धांनी पात्रात स्वीकारली, असे त्या परंपरेला वाटले हे लक्षणीय आहे. सद्धर्मपुंडरीकातील प्रसिद्ध दृष्टांतात जळत्या घरात खेळण्यात गुंग असलेल्या मुलांना पिता बाहेर काढतो तो बकऱ्यांच्या, हरणांच्या व बैलांच्या गाड्या देण्याचे सांगून. मुलांना बाहेर आणण्याची वाट त्या पित्याला खेळण्यांतूनच सापडली.

वरील विवेचनावरून आमचा निष्कर्ष असा की, ब्रह्मजाल सुत्तातील यादी हा भिक्खूच्या शीलाचा भाग आहे. गृहस्थाला द्यूताविषयी निराळा इशारा आहे. आणि मुलांच्या बाबतीत पालि ग्रंथ फक्त एकच मर्यादा घालतात, ती म्हणजे दुसऱ्या जिवाला दुःख देण्याची. या तीन गोष्टी एकत्र कालवून मुलांपुढे ठेवल्या, तर धम्म म्हणजे हसण्या-खेळण्याची मनाई असे चित्र त्यांच्या मनावर ठसते आणि असे मूल मोठे झाल्यावर विहाराची पायरी चढेलच याची खात्री कोणी द्यावी? आज तर मुलांचे मैदान आधीच आक्रसले आहे व हातातील पडद्यापुढे एकट्याने बसण्याचे तास वाढले आहेत. अशा वेळी वंदनेनंतर अर्धा तास विहाराच्या अंगणात विटी-दांडू, काचापाणी, पाठीवरची अक्षरे हे खेळ घेतले, तर अडीच हजार वर्षांपूर्वीच्या मुलांशी त्यांचे नाते जुळेल आणि पालि शब्दही न कळत तोंडी बसतील.

त्या वर्गातील मुलाचा प्रश्न योग्य होता. त्याला उत्तर देण्यास आम्हांस उशीर झाला हा दोष आमचा. पुढील खेपेस त्या विहारात जाऊ तेव्हा महातण्हासंखय सुत्तातील सात नावे त्याला वाचून दाखवू, आणि त्यांतील दुसरे नाव त्याच्या विटी-दांडूचे आहे, हे सांगू.